विनाकारण अण्णा

अण्णा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा निवृत्त माणसाने करायच्या गोष्टींची यादीच मंडळींनी त्यांच्यापुढे ठेवली. हास्यक्लब, नर्मदा परिक्रमा, सोसायटीचं सेक्रेटरीपद. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले आणि उगीच फिरायला सुरुवात केली.

हे उगीच फिरणं फार काटेकोर असतं. सारसबागेला फेऱ्या मारणाऱ्यांना अण्णा फिरणारे मानतच नाहीत. ‘ते रक्तातल्या साखरेचं काम करतात,’ म्हणतात. रोज पर्वती चढणारे त्यांच्या लेखी हमाल, फक्त ओझं स्वतःचंच. अण्णांना व्यायाम नको, दर्शन नको, खरेदी तर मुळीच नको.

पण पुण्यात, त्यातून नारायण पेठेत, कामाशिवाय हिंडणं सोपं नाही. दर दहा पावलांवर ‘काय अण्णा, कुठे?’ येतंच. ‘कुठे नाही, असाच,’ हे उत्तर इथे खपत नाही. विचारणारा थांबतो, आवाज खाली आणतो आणि ‘घरी सगळं ठीक ना?’ म्हणतो. यावर अण्णांनी तोडगा काढला. हातात कापडी पिशवी घेतली. पिशवीवाल्या माणसाला पेठेत कोणी अडवत नाही. गोची एवढीच झाली की पिशवी काकूंनाही दिसली.

‘अहो, निघालाच आहात तर कोथिंबीर आणा.’

अण्णा उंबऱ्यातच थबकले. ‘कोथिंबीर आणायची म्हणजे ते मंडईत जाणं झालं. मी फिरायला चाललोय.’

दोन तासांनी पिशवी रिकामी परत आली. काकूंनी पोह्यांवर नुसतं खोबरं घातलं आणि दिवसभर अवाक्षर काढलं नाही. सदाशिव-नारायणात यालाच कडाक्याचं भांडण म्हणतात.

कुठे वळायचं हेही अण्णा ठरवत नाहीत. ज्या बोळाच्या तोंडाशी स्कूटर आडवी लावलेली नसेल, त्या बोळात शिरायचं. हल्ली त्यामुळे निवडीला फारसा वाव राहिलेला नाही. पत्र्या मारुतीपासून निघालेले अण्णा पासोड्या विठोबापाशी निघतात, तिथून जिलब्या मारुतीकडे, आणि मूड असला तर थेट शनिवारवाड्याशेजारी बटाट्या मारुतीला. उपाशी विठोबा, गुपचूप गणपती आणि खुन्या मुरलीधर ही आणखी मंडळी वाटेत भेटतील तशी. ‘या गावात परमेश्वरालाही नाव ठेवल्याशिवाय कोणी नमस्कार करत नाही,’ हा त्यांचा निष्कर्ष.

दुकानांच्या पाट्या ते पेपर तपासावा तशा वाचतात. ‘घड्याळ दुरूस्ती’ दिसलं की आत जाऊन ‘रु ऱ्हस्व हवा,’ असं सांगून बाहेर येतात. एका दुकानदाराने शांतपणे विचारलं, ‘घड्याळ आणलंय का?’ अण्णा त्या उत्तरावर आठवडाभर खूश होते.

एकदा मला एका गल्लीत थांबवून त्यांनी दगडी मनोऱ्यासारखं एक बांधकाम दाखवलं. त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या. समोरच्या इमारतीत जन्म काढलेल्या एका गृहस्थांना अण्णांनी विचारलं, ‘हे काय हो?’ ते म्हणाले, ‘कॉर्पोरेशनचं असेल काहीतरी.’ तो होता उच्छ्वास. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. त्या नळात हवा कोंडू नये म्हणून जागोजागी असे उच्छ्वास उभारले. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे हे पाडून पार्किंगला जागा मिळणार नाही?’

पण अण्णांचं खरं ठिकाण म्हणजे पाडलेला वाडा. भोवती पत्रे लागले की ते फटीला डोळा लावून उभे राहतात. वाडा गेलेला असतो, पण शेजारच्या भिंतीला त्याची एक बाजू चिकटून राहिलेली असते. निळसर चुन्याचा चौकोन, त्यात धुराने काळा पडलेला पट्टा, वर एक देवळी आणि अधांतरी एक खुंटी. अण्णा बोटाने दाखवत जातात, ‘काळं दिसतंय ते स्वयंपाकघर. शेजारी माजघर. हा तिरका पट्टा गेलाय ना, तो जिना. आणि त्या खुंटीला कोणाचा तरी कोट असणार.’ तेवढ्यात वॉचमन येतो. ‘काय काम आहे, काका?’ अण्णा पिशवी वर करून दाखवतात. वॉचमनचं समाधान होतं.

अण्णा इतिहास संशोधक नाहीत. भारत इतिहास संशोधक मंडळ घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण तिथे जाणं म्हणजे काम. एक मात्र खरं, की पेठेत कुठे काय होतं आणि कधी गेलं, हे आता घरमालकांना, बिल्डरांना किंवा नगरसेवकाला विचारून उपयोग नाही. ते सगळे कामात असतात. विचारायचं तर ज्याला काही काम नाही, त्यालाच.

तुमच्याही भागात असा एखादा अण्णा असेल. त्याच्याबरोबर एकदा आपल्याच गल्लीतून हिंडून या. मात्र कुठे वेळेवर पोचायचं असेल, तर रिक्षा करा. आणि पुण्यात रिक्षावाला तुम्हाला हवं तिथे यायला पहिल्या हाकेला तयार झाला, तर आमच्या अण्णांना जरूर कळवा. इतकं हिंडूनही हे नवल त्यांनी अजून पाहिलेलं नाही.