जरा केबिनमध्ये या

हल्ली हापिसात भांडणं होत नाहीत. पूर्वी व्हायची. सरकारी कचेरीत साहेबांनी कुणाची बिनपाण्याने केली, की ती व्हरांड्यातल्या शिपायालाही ऐकू यायची आणि डबे उघडेपर्यंत साऱ्या टेबलांवर पोचलेली असायची. कुणाची हजेरी घेतली जायची, कुणाची चंपी व्हायची. फारच चिघळलं, तर मेमो निघायचा नि खुलासा मागवला जायचा.

आता हिंजवडीत ‘फीडबॅक’ मिळतो. मीटिंगमध्ये दोघांचे आवाज चढू लागले, की तिसरा घाईघाईने म्हणतो, ‘हे आपण ऑफलाइन घेऊ या.’ म्हणजे भांडण मिटत नाही, त्याला स्वतंत्र मीटिंग रूम मिळते. ‘ॲज पर माय लास्ट मेल’ हे सुज्ञांनी ‘डोळे फुटलेत का?’ असं वाचायचं. आणि सीसीत साहेबांच्या साहेबांचं नाव दिसलं, तर समजायचं, तोफा निघाल्या.

‘फीडबॅक’ची ही विद्या अमेरिकेतून आली. इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी ‘कन्स्ट्रक्टिव्ह कन्फ्रंटेशन’ कंपनीच्या अंगवळणी पाडलं. किम स्कॉट यांचं ‘रॅडिकल कँडर’ हे पुस्तक 2017मध्ये आलं. त्यांचं म्हणणं सरळ आहे: माणसाबद्दल आपुलकी ठेवा आणि चुकतंय ते तोंडावर सांगा. आमच्या मॅनेजर मंडळींनी यातला दुसरा भाग तोंडपाठ केला. पहिला बहुधा पुढच्या तिमाहीत घेणार आहेत.

रे डॅलिओ यांची गोष्ट तर दंतकथाच वाटावी. ब्रिजवॉटर या स्वतःच्याच कंपनीत एका बैठकीला ते तयारीविना गेले, म्हणून हाताखालच्या माणसाने त्यांना मेल करून ‘डी मायनस’ दिलं. गृहस्थांनी ती मेल टेडच्या व्यासपीठावरून जगाला दाखवली! अशी मेल आमच्याकडेही दाखवली जाईल, नाही असं नाही. फक्त एचआरच्या खोलीत, दार लावून.

कारण आमच्या शब्दांना उतार आहे. झाडाझडती, कानउघाडणी, खरडपट्टी, सगळं वरून खाली येणारं. बरोबरीच्यांत फार तर ‘वाजतं’ किंवा ‘खटके उडतात’. खालचा वरच्याला काही बोलला, तर तो ‘तोंड वर करून बोलतो’. अप्रायझलच्या फॉर्मात त्यालाच ‘ॲटिट्यूड इश्यू’ म्हणतात. तेच वाक्य साहेबांच्या तोंडी आलं, तर मात्र साहेब मनाने निर्मळ, पोटात एक नि ओठात एक असलं काही नाही हो त्यांचं!

यावर तोडगा म्हणून एका कंपनीने साहेबांविषयी निनावी फीडबॅक मागवला. फॉर्म एम्प्लॉयी आयडीने लॉगिन करून भरायचा होता. अख्ख्या टीमने अगदी निर्भीडपणे साहेबांची एकच उणीव नोंदवली: सर स्वतःच्या तब्येतीकडे अजिबात लक्ष देत नाहीत.