वायनभाऊ

डेनपसारच्या विमानतळाबाहेर पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या धरून उभ्या असलेल्या घोळक्यात कोणी ‘वायन!’ अशी हाक मारली, तर एकदम आठ-दहा माना वळतात. बालीत पोराचं नाव ठेवायला आत्या लागत नाही, ते काम जन्मक्रमच करतो. पहिलं अपत्य वायन, दुसरं मादे, तिसरं न्योमान, चौथं केतुत. मग मुलगा असो की मुलगी. पाचवं झालंच तर पुन्हा वायनपासून सुरुवात. पुतु, कडेक, कोमांग असे पर्याय आहेत, पण हिशोब तोच. पुढे स्वतःचं असं एक नाव असतं, ते पाहुण्यांपर्यंत पोचत नाही. इंडोनेशियाच्या सरकारनं ‘दोन मुलं पुरे’ म्हटल्यापासून न्योमान आणि केतुत कमी होत चालले, तेव्हा २०१९ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी ‘चार होऊ द्या’ असा उलटा आग्रह धरला. गव्हर्नरांचं नाव वायन कोस्टर. थोरल्यानंच धाकट्यांची काळजी करायची, ही रीत सगळीकडे सारखीच.

मराठी ग्रुपमधल्या काकूंना ही माहिती पहिल्याच दिवशी मिळते आणि भलतीच आवडते. ‘म्हणजे आमचा संदीप वायन, आणि मनीषा मादे!’ असं करत त्या हॉटेल येईपर्यंत अख्ख्या गाडीचं बारसं उरकून घेतात. वायन आरशातून बघून मनापासून हसतो. हा विनोद त्यानं प्रत्येक ग्रुपकडून ऐकलेला असतो. तरीही पहिल्यांदाच ऐकतोय असं हसणं हा त्याच्या धंद्याचा भाग आहे. तासाभरात त्याचा ‘वायनभाऊ’ होतो.

तर हा वायनभाऊ म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. पाच-सहा दिवसांच्या बाली टूरमध्ये गाडी चालवणारा, माहिती सांगणारा, फोटो काढणारा, छत्री धरणारा आणि ‘इंडियन डिनर’चं हॉटेल बरोबर साडेसातला गाठणारा असा जो इसम असतो, त्या सगळ्या जमातीचं हे एक नाव. वय पस्तीस ते पन्नासमधलं कुठलंही. अंगात बातिकचा शर्ट, पायात सपाता, एका कानामागे कधीमधी चाफ्याचं फूल. गाडीच्या डॅशबोर्डवर नारळाच्या कोवळ्या पानाचा तळहाताएवढा चौकोनी द्रोण. त्यात रंगीत पाकळ्या, भाताची चार शितं, एक बिस्किट आणि सणासुदीला चक्क एक सिगरेट. हा रोजचा नैवेद्य, चानांग. तो दुकानाच्या पायरीवर असतो, फुटपाथवर असतो, एटीएमच्या दारातही असतो, आणि पाहुण्यांचा पाय त्यावर हटकून पडतो. ‘देवाला सिगरेट?’ काकू विचारतात. ‘लाँग ड्यूटी, मॅडम,’ वायन म्हणतो. देवाबद्दल म्हणाला की स्वतःबद्दल, ते कळत नाही.

रामायण-महाभारत ही आपली खासगी मालमत्ता आहे असं मानणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. विमानतळावरून निघाल्या निघाल्या घटोत्कचाचा भलाथोरला पुतळा लागतो आणि काकांना चेव येतो. ‘महाभारत, यू नो? भीमा? व्हेरी स्ट्राँग मॅन.’ वायन नम्रपणे मान डोलावतो. पुढच्या मोठ्या चौकात भीमाचाच पुतळा येतो, अंगाला भलाथोरला नाग वेटोळे घालून बसलेला. मग वायन सांगतो, की द्रोणानं भीमाला अमृत आणायला समुद्रात धाडलं, तिथे त्यानं नागाला मारलं, तळाशी त्याला हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा एक चिमुकला देव भेटला, आणि भीम त्या देवाच्या कानातून आत शिरला. काका गप्प. बऱ्याच वेळानं हळूच विचारतात, ‘हे कुठल्या पर्वात आहे?’ व्यासांच्या कुठल्याच पर्वात नाही. त्या चिमुकल्या देवाची, म्हणजे देव रुचीची, ही कथा जावा-बालीची स्वतःची, चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांतून वाढलेली. वायननं तो खेळ लहानपणी रात्र-रात्र जागून पाहिलेला असतो. शिवाय २०१४ मध्ये आपली हिंदी ‘महाभारत’ मालिका इंडोनेशियात दाखवली गेली आणि तिनं तिथे एवढा धुमाकूळ घातला, की अर्जुन झालेला शाहीर शेख पुढे तिथल्याच मालिकांत काम करू लागला. म्हणजे काकांना ठाऊक असलेलं सगळं वायनला ठाऊक असतं, वर थोडं जास्तच.

वायनच्या शब्दकोशात ‘नाही’ नाही. ‘पाऊस पडेल का?’ ‘मेबी लिटल, बॉस.’ ‘जैन जेवण मिळेल का?’ ‘कॅन, बॉस.’ ‘किती वेळ लागेल?’ ‘फॉर्टी-फाइव्ह मिनिट, बॉस.’ बालीत कुठूनही कुठेही पंचेचाळीस मिनिटांत जाता येतं. कुटा ते उबुद हे पस्तीसेक किलोमीटरचं अंतर दोन तास खातं, तेव्हा मागच्या सीटवरून कुरकूर सुरू होते. वायन दर पंधरा मिनिटांनी तेच पंचेचाळीस पुन्हा सांगतो. खोटं बोलतो असं म्हणवत नाही. चिडचिड करत दोन तास बसण्यापेक्षा आशेवर दोन तास बसलेलं बरं, असा त्याचा व्यवहार आहे.

त्याचा दुसरा व्यवहार स्वच्छतागृहांचा. ग्रुप टूरचा रस्ता ठरतो तो देवळांवरून नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मंडळींनी सकाळी दोन-दोन कप चहा घेतलेला असतो. अकराच्या सुमारास मागून ‘भाऊ, जरा...’ असा आवाज आला, की गाडी वळते ती चेलुकला. चेलुक हे चांदीकाम करणाऱ्यांचं गाव. स्वच्छतागृह लखलखीत, मात्र तिथून बाहेर पडायची वाट शोरूममधून. दुसरा थांबा लुवाक कॉफीच्या मळ्यात. लुवाक म्हणजे उदमांजर. ते कॉफीची पिकलेली फळं खातं, बिया पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात, आणि त्या धुऊन, भाजून केलेली कॉफी जगातल्या महागड्या कॉफींत मोडते. आलं, गवती चहा, मँगोस्टीन असे डझनभर चहा चिमुकल्या कपांतून फुकट चाखायला देतात. लुवाकच्या कपाचे तेवढे पैसे. ‘शेणातली कॉफी प्यायला एवढे पैसे?’ असं म्हणत काका ती पितात आणि येताना पाव किलो विकत घेतात. वायन बाहेर झाडाखाली लवंगेच्या वासाची क्रेटेक ओढत उभा असतो. दुकानातून त्याला कमिशन मिळतं, हे त्याला माहीत, दुकानदाराला माहीत, आणि एव्हाना आपल्यालाही माहीत. टूर इतक्या स्वस्तात कशी परवडते, याचं उत्तर बरंचसं त्या शोरूममध्ये आहे.

उलुवातूच्या देवळापाशी मात्र वायन गंभीर होतो. गाडीतून उतरण्याआधी गॉगल, टोप्या, कानातले, फोन यांची झडती. समुद्राच्या कड्यावरचं हे देऊळ तिथल्या माकडांमुळे जास्त गाजलंय. माकडं चष्मा पळवतात आणि बदल्यात खाऊ मिळाला की परत देतात. यावर संशोधकांनी रीतसर अभ्यास केलाय: वयानं मोठी, अनुभवी माकडं जास्त किमती वस्तू निवडतात, कारण अशा वस्तूंच्या बदल्यात चांगला खाऊ मिळतो हे ती शिकलेली असतात. वायनला हे संशोधनाआधीच ठाऊक होतं. काकांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा तरीही जातोच.

लेम्पुयांगचं ‘स्वर्गद्वार’ हा टूरचा कळस. दुभंगलेल्या दगडी वेशीतून समोर आगुंग पर्वत आणि पायाशी तळ्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब, हा फोटो प्रत्येकानं पाहिलेला असतो. तिथे पोचल्यावर नंबर घ्यावा लागतो आणि गर्दीच्या दिवसांत दोन-तीन तास सहज जातात. नंबर लागला की काकू वेशीत उभ्या राहतात आणि इकडेतिकडे बघतात. ‘अहो, पण तळं कुठाय?’ तळं नाहीच. समोर बसलेला पोरगा काकूंचा फोन हातात घेतो, त्याच्या लेन्सखाली एक लहानसा आरसा धरतो आणि पटापट बटण दाबत राहतो. एक फोटो हात जोडून, एक पाठमोरा, एक उडी मारून. नेक्स्ट! ‘लेक इनसाइड फोन, मॅडम,’ वायन समजूत घालतो. काकू क्षणभर खट्टू होतात, फोटो बघतात आणि तिथल्या तिथे फॅमिली ग्रुपवर टाकतात. तळ्यासकट. आरशाची भानगड पुण्यात परतल्यावरही कोणाला सांगत नाहीत.

आता आगुंगविषयी. ३,००० मीटरहून उंच असलेला हा ज्वालामुखी वायनच्या डोक्यात कायम चालू असलेलं होकायंत्र आहे. बालीतली माणसं दिशा सांगतात ती ‘डोंगराकडे’ आणि ‘समुद्राकडे’ अशी. घरातलं देवघर डोंगराच्या बाजूला आणि झोपताना पाय त्या बाजूला करायचे नाहीत. म्हणूनच बेटाच्या दक्षिणेकडून मधली डोंगररांग ओलांडून उत्तरेला गेलं, की त्याची ‘डोंगराकडची’ दिशा उत्तरेऐवजी दक्षिण होते. काका हातात गुगल मॅप धरून ‘लेफ्ट, लेफ्ट’ ओरडत असतात, तेव्हा वायनच्या डोक्यात वेगळाच नकाशा चालू असतो.

‘आज फुटणार नाही ना?’ हा प्रश्न किंतामणीच्या कड्यावर नेमानं विचारला जातो. समोर बातुर पर्वत असतो, १,७१७ मीटरचा, मोठ्या जुन्या ज्वालामुखीच्या पोटात उगवलेला. पायथ्याशी तळं आणि १९६३च्या लाव्हाचं काळंकुट्ट रान. पहाटे जीपमधून तिथे सूर्योदय पाहायला नेतात, म्हणजे हॉटेलातून निघायचं रात्री अडीचला. ‘नॉट टुडे, बॉस,’ वायन हसून सांगतो. पण पुढचं तो विचारल्याशिवाय सांगत नाही. १९२६ मध्ये याच बातुरच्या लाव्हाखाली अख्खं गाव गेलं. लोक आपलं देऊळ घेऊन वर कड्यावर राहायला आले. १९६३ मध्ये बेसाकीच्या मोठ्या देवळात शंभर वर्षांतून एकदा होणारा ‘एक दश रुद्र’ विधी चालू असताना आगुंग फुटला. हजारावर माणसं गेली. लाव्हा देवळाच्या बाजूनं वाहून गेला, देऊळ राहिलं. २०१७ मध्ये आगुंग पुन्हा जागा झाला, पायथ्याची लाखावर माणसं हलवली गेली, राखेमुळे विमानतळ बंद पडला. अडकलेल्या कित्येक पाहुण्यांना तेव्हा या वायन मंडळींनीच गाडीतून, मग फेरीबोटीतून जावाच्या सुराबायापर्यंत पोचवलं. आणि तेगललांगच्या ज्या हिरव्यागार भातखाचरांपुढे झोक्यावर बसून फोटो काढायचे, त्यांची सुपीक माती याच डोंगरांची राख आहे. बातुरच्या कड्यावरच्या जलमंदिराच्या विधींवर खालच्या गावांच्या पाण्याच्या पाळ्या आणि लावण्या ठरत आल्या आहेत. सुबक नावाची ही व्यवस्था २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडे पाण्याच्या पाळीवरून कुऱ्हाडी निघतात, हे वायनला सांगणं काका टाळतात.

एखाद्या सकाळी वायनच्या जागी त्याचा चुलतभाऊ उगवतो. ‘वायन? सेरेमनी, बॉस.’ बालीचं एक पंचांग २१० दिवसांचं. गालुंगानचा सण आणि गावच्या देवळाचा उत्सव त्या हिशोबानं येतो. गावकीचं, म्हणजे बंजारचं, बोलावणं आलं की डोक्याला पांढरं उदेंग बांधून हजर व्हावंच लागतं. टूर कंपनी काय म्हणते याला तिथे किंमत नाही. दुसरं पंचांग शकाचं, तेच आपलं इसवी सन ७८ पासून मोजलं जाणारं. त्याचा नववर्षदिन न्येपी काही वर्षी गुढीपाडव्याला किंवा एखाद्या दिवसाच्या अंतरानं येतो, काही वर्षी महिनाभर आधी. आपण ढोल-ताशे बडवत शोभायात्रा काढतो. ते चोवीस तास दिवे मालवून, रस्ते ओस टाकून गप्प बसतात. विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनाही हॉटेलाबाहेर पाऊल टाकता येत नाही. माझ्या मते बालीत पाहण्यासारखा तोच एक दिवस आहे, पण तो कुठल्याच कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आकर्षण’ म्हणून छापलेला नसतो.

कोविडमध्ये पाहुणे आटले, तेव्हा यातले कितीतरी जण गावी जाऊन शेती करू लागले, किनाऱ्यावरच्या काहींनी समुद्रशैवाल लावलं. बेट उघडलं तसे पुन्हा पाट्या घेऊन विमानतळाबाहेर उभे राहिले.

तुम्ही जाणार असाल तर दोन-चार गोष्टी ध्यानात ठेवा. २०२४ पासून परदेशी पाहुण्याला दीड लाख रुपियांचा कर आहे. आकडा ऐकून छातीत धस्स होऊ देऊ नका, ते आपले आठशेच्या आसपास रुपये. दुकानं नको असतील तर पहिल्याच दिवशी तसं सांगा, आणि कमिशन बुडेल तेवढी टीप रोख रुपियांत द्या; वायन आनंदानं कबूल होतो. गाडीचे दिवसाचे बहुधा दहा तास ठरलेले असतात, वरच्या तासांचे पैसे वेगळे. आणि बातुरचा सूर्योदय पाहून त्याच संध्याकाळी उलुवातूचं नृत्यही ‘करून टाकू’ असं काका म्हणाले, तर वायन ‘नो प्रॉब्लेम, बॉस’ म्हणेल आणि नेईलही. रात्री दहाला तुम्ही मागे घोरत असाल, तेव्हा अडीचला उठलेला माणूस स्टिअरिंगवर असेल, हे काकांना तेवढं कोणीतरी सांगा.