जालन्यात रेडकरंट : शास्त्रशुद्ध लागवड मार्गदर्शन

जालन्यात मोसंबी कोणीही लावतो. तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बदनापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. त्यामुळे शेजाऱ्यावर छाप पाडण्याच्या कामी ती केव्हाच बाद झाली. त्या कामाला रेडकरंट हवे. पश्चिम युरोपातले हे झुडूप माणसाच्या छातीएवढे वाढते आणि त्याला लालबुंद, आंबट फळांचे घोस लोंबतात. लागवडीचे पुस्तकी नियम साधे आहेत : वीतभर लांब पक्व काडी लावावी, दोन झुडपांत दीड मीटर अंतर ठेवावे, दरवर्षी छाटणी करावी. पुस्तके तिकडच्या लोकांसाठी लिहिलेली असल्याने एक किरकोळ बाब मात्र त्यांत गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हिवाळा.

या झुडपाला फुलण्याआधी 7 अंशांखालची थंडी साधारण 800 ते 1500 तास लागते. किमान आकडा धरला तरी ते अहोरात्र 33 दिवस भरतात. जालन्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा तिशीकडे चढतो. म्हणून पहिली पायरी अशी : घरातल्या फ्रीजमधून दूध, भाजी आणि कणीक बाहेर काढून कुंडी आत ठेवावी आणि कुटुंबीयांनी महिनाभर ताजे अन्न खाण्याचे महत्त्व एकमेकांना पटवून द्यावे. दुसरी पायरी उन्हाळ्याची. तिशी ओलांडली की याची पाने करपू लागतात. इकडे मे महिन्यात चाळिशी ही नित्याची गोष्ट. शेडनेट ऊन अडवते, पण तापलेली हवा अडवत नाही. शिवाय मुळे उथळ असल्याने माती सतत ओली हवी. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा टँकरवर जगवाव्या लागल्या आणि तरीही कित्येक वाळल्या. तेव्हा टँकरवाल्याशी संबंध आधीपासूनच चांगले ठेवावेत.

यावर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा दाखला हमखास दिला जातो. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरांवर आहे, आणि तिथेही स्ट्रॉबेरीची रोपे दरवर्षी नव्याने लावतात. रेडकरंटला त्याच जागी वर्षानुवर्षे उन्हाळे काढावे लागतील. दुसरा दाखला सफरचंदाचा. उष्ण प्रदेशात येणारे सफरचंदाचे वाण हिमाचलच्या हरिमन शर्मांनी पुढे आणले, हे खरेच. तिथे हवामान न बदलता कमी थंडीवर भागवणारे वाण निवडले गेले, म्हणजे हा दाखला आपल्याच बाजूने पडतो. राहिला शेवटचा आक्षेप : हौसेला मोल नसते. हौसेला नसते, टँकरला असते.

मग या झुडपाकडून नेमके हवे काय, हे कागदावर मांडावे : लाल रंग, आंबट चव, घट्ट जमणारी जेली आणि अंगणाला शोभा. ही चारही कामे करवंद करते. कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असल्याने जेली सहज जमते. एकदा मूळ धरले की झुडूप मुरमाड जमिनीत, तुटपुंज्या पाण्यावर तगते, आणि काट्यांमुळे शेळ्या आत घुसत नाहीत, जे रेडकरंटला जन्मात जमणार नाही. करवंद रानटी, त्याला प्रतिष्ठा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी केकवरची लाल ‘चेरी’ एकदा निरखून पाहावी. अनेकदा ते पाकवलेले, रंगवलेले करवंदच असते. प्रतिष्ठा त्याने कधीच मिळवली आहे, फक्त दुसऱ्याच्या नावाने. तेव्हा ताज्या बियांपासून रोपे करा, पावसाळ्याच्या तोंडी कुंपणाच्या कडेने लावा, पाणी साचू देऊ नका, आणि फ्रीजमध्ये दूध परत ठेवा.