आर्किटेक्टला घरचा माणूस करा

बंगला बांधायला काढणाऱ्याने पाया खणण्याआधी आर्किटेक्टला आपलंसं करावं. चहा पाजावा, पोहे खिलवावेत, ‘दादा, तुम्ही काय, घरचेच!’ म्हणावं. घरचा माणूस पैशाचं बोलायला लाजतो, आणि एकदा लाजला की कराराचा कागद निघतच नाही.

मी प्लॉट तिघांना दाखवला. ‘सहज एक कल्पना द्या, काम तुम्हालाच.’ मग पहिल्याचा जिना, दुसऱ्याचं अंगण आणि तिसऱ्याचं एलिव्हेशन ठेकेदाराच्या हाती दिलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात वास्तुरचनाही कलाकृतीत मोडते म्हणे. मोडत असेल. आमच्याकडे ती व्हॉट्सॲपवर आली होती.

ठेकेदाराचं काही जमेना, म्हणून शेवटी तिसऱ्याला नेमलं. त्याने फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यांत सांगितली. मी हसून म्हटलं, ‘म्हणजे खर्च वाढला की तुमची चंगळ!’ बिचारा ओशाळला आणि लमसमवर आला. लमसम ठरल्यावर मी खर्चाची चिंता सोडली. होम थिएटर, गच्चीवर बाग, सासऱ्यांसाठी लिफ्ट, सगळं जाता जाता सुचवत गेलो. दिल्लीच्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने फीचे दर ठरवून दिलेत, हे मला ठाऊक आहे. 1989 च्या आचारनियमांत त्या दरांचा मान राखायला सांगितलंय, पण आर्किटेक्टला. ग्राहकाला कुठे सांगितलंय? शिवाय 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 1972 चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण देतो, कामाला नाही. घासाघीस करताना हे वाक्य हळूच सोडून द्यावं. समोरच्याच्या हातातला चहाचा कप थरथरतो.

फी थकवण्याची परंपरा तर थोरामोठ्यांची आहे. सिडनीच्या ऑपेरा हाऊसची स्पर्धा 1957 मध्ये डेन्मार्कच्या यॉर्न उत्झनने जिंकली. 1965 मध्ये सरकार बदललं, डेव्हिस ह्यूज मंत्री झाले आणि फीचे पैसे अडकले. 1966 मध्ये उत्झन काम सोडून गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही. 70 लाख डॉलरचा अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला, उद्घाटन 1973 उजाडल्यावर झालं. एवढं करून 2007 मध्ये इमारत जागतिक वारसा ठरली. म्हणजे आर्किटेक्टच्या फीत काटकसर केल्याने इमारतीचं काही बिघडत नाही. फक्त बाकीचा खर्च वाढतो.

खरं सांगायचं तर यात आमचं कौतुक थोडंच. खिडकीच्या चौकटीचा मिलिमीटरपर्यंत डिटेल काढणारा हा माणूस ‘किती बदल फीत, त्यापुढे किती पैसे’ ही एक ओळ लिहीत नाही. काम मध्येच थांबलं तर आतापर्यंतच्या कामाचं काय, कुठल्या टप्प्याला कुठला हप्ता, सगळं विश्वासावर. आमचं स्वयंपाकघर पाच वेळा पूर्वेकडून आग्नेयेला आणि परत गेलं. दर वेळी नवी ड्रॉइंग आली, बिल एकदाही आलं नाही.

अपवाद एकच भेटला. तिघांच्याही आधी आमच्या नाशिकच्याच एका मॅडमकडे गेलो होतो. त्यांनी पेन्सिल उचलण्याआधी दोन पानी करार पुढे सरकवला. टोकन आधी. तीन बदल फीत, चौथ्यापासून तासाचा दर. हप्ता थकला की ड्रॉइंग थांबणार. टीमचे पगार, स्टेशनरी, साइटच्या फेऱ्या धरून फी कशी आली तेही लिहिलेलं. मी म्हटलं, ‘मॅडम, आपले संबंध काय, हे काय!’ त्या म्हणाल्या, ‘संबंध टिकावेत म्हणूनच.’ अशा कोरड्या बाईकडे कोण जाणार? परवा मेहुण्याने चौकशी केली, तर पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांना वेळ नाही.

आमच्या दादांना वास्तुशांतीला सहकुटुंब बोलावलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी शेवटच्या हप्त्याचा विषय हळूच काढला. मी त्यांना बाथरूमच्या भिंतीवरची ओल दाखवली. ‘ही आधी बघा,’ म्हटलं. काम ठेकेदाराचं, पण भिंत दादांच्या नकाशातली ना!

हप्त्यातून टीडीएस मात्र मी कापून ठेवलाय. घरगुती कामाला तो लागत नाही, असं आमचे सीए म्हणतात. तरी 10 टक्के माझ्याकडेच ठेवलेत. शिस्त म्हणजे शिस्त. उरलेले 90 ओल वाळल्यावर बघू.