बदलीवाल्या साहेबांचे आईबाबा

बदलीवर अहमदपूरला आलेल्या माणसाची पहिली तक्रार रेल्वेची असते. गावाला रेल्वे नाही आणि ‘लातूर रोड’ नावाचं स्टेशन लातुरात नाही, हे दोन्ही त्याला एकाच रात्रीत कळतं. मग ऊन, मग नळाचं पाणी, मग तिखट. बँकेतले असोत, महसूलमधले असोत, कॉलेजातले असोत, गाऱ्हाणी तीच. फक्त हेल बदलतो. आमच्या माडीवर असे भाडेकरू येत-जात असतात. सध्याचे साहेब देवरुखचे. रविवारी गच्चीवर उभे राहून क्षितिजाकडं असे बघतात, जणू तिकडून बदलीचा आदेश चालत येणार आहे.

पण सोयाबीन काढणीला आलं आणि गावाकडून फोन आला, ‘दसऱ्याला आम्ही तुझ्याकडे येतोय,’ की या माणसाच्या अंगात पर्यटन महामंडळ शिरतं. साहेब कागद-पेन घेऊन खाली आले. “काका, आपल्या भागात बघण्यासारखं काय काय आहे?” गावात आल्यापासून इथं काहीच नाही असं सांगणारा हाच गृहस्थ. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. कंधार, नांदेड, उदगीर, माहूर, सहस्रकुंड. रोज एक गाव. बाबांच्या गुडघ्यांना मात्र त्या तक्त्यात जागा नव्हती.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. आईबाप मुलाकडं फिरायला येतच नाहीत, तपासणीला येतात. आई स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडते, बाप पंख्याचा आवाज ऐकतो, आणि दोघं मिळून पोराच्या गालाची हाडं मोजतात. बदलीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो त्यांना घरात बसूच देत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी सुशीला केली होती. मुरमुऱ्याच्या या पदार्थाच्या नावावर होणारा विनोद बाबांनी केला. सगळेच पाहुणे करतात, आम्हीही दरवेळी हसतो. मग स्वारी कंधारला निघाली. मी वाटाड्या. घाट लागला तसे साहेब म्हणाले, “बाबा, हे बालाघाटचे डोंगर.” बाबांनी काच खाली केली, उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. सह्याद्रीच्या कुशीत जन्म गेलेला माणूस तो. म्हणाले, “कुठायत?”

किल्ल्यावर साहेबांनी रात्री पाठ केलेले राष्ट्रकूट सोडले. तिसऱ्या कृष्णाचं झालं, जगत्तुंग सागर झाला, इथं सापडलेल्या क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवशेष झाले. बाबा खंदकाच्या काठाशी उभे होते. “पाणी बारमाही असतं का रे याला?” एवढाच प्रश्न त्यांना पडला, आणि त्याचं उत्तर राष्ट्रकूटांकडं नव्हतं. आईंचं लक्ष तर रस्त्यावरच होतं. येताना टोपल्या घेऊन बसलेल्या बाया त्यांनी हेरून ठेवल्या होत्या. परतताना गाडी थांबवून त्यांनी टोपलंभर सीताफळं घेतली. बाई म्हणाली, “डोळे उघडल्यावरच काढल्यात माय, भुश्श्यात दाबून ठिवा.” ठेवली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सगळीच्या सगळी एकदम पिकली. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणाकडंच चूल पेटली नाही.

जेवणाचा कार्यक्रम वेगळाच रंगला. साहेब एरवी आमच्याकडच्या आमटीला हात लावताना आधी देवाचं नाव घेतात. आता ताटावर बसून आईला येसर समजावून सांगत होते, की धान्यं-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळतात, आमटीला दाटपणा त्यानंच येतो. “आणि नारळ?” आईंनी विचारलं. “गरजच नाही!” डोळ्यांतून धारा, कानाच्या पाळ्या लाल, आणि तोंडानं ‘तिखट नाहीच मुळी’. वरून माहिती चालूच: ही तूरडाळ बोरसुरीची, ही कोथिंबीर काष्टीची, चिंच पानचिंचोलीची, तिघींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सूर असा, की अर्ज यांनीच भरला होता. आईंनी निमूटपणे त्यांच्या ताटात दही वाढलं. धपाट्याबरोबर दही लागतंच, पण हे त्यासाठी नव्हतं.

नांदेडला कार्यक्रम पहिल्यांदा हातातून निसटला. सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शन झालं. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथं देह ठेवला वगैरे साहेबांनी सांगितलं. मग लंगरमध्ये जेवलो. पंगतीत बसून बाबा इतके खूष झाले, की गुडघे विसरले. हात धुऊन बघतो तर आई नाहीत. शोधलं तर त्या सेवेकरी बायांच्यात बसून पोळ्या लाटत होत्या. घरात त्यांना सुनेनं पोळपाटाला हात लावू दिला नव्हता, बाहेर मुलानं पाय टेकू दिला नव्हता. इथं बिचारीला हक्काचं काम मिळालं. साहेबांनी घड्याळ दाखवलं, विष्णुपुरीचं धरण राहिलंय म्हणून सांगितलं. “तू जाऊन ये,” आई मान वर न करता म्हणाल्या.

सहस्रकुंड बाबांनी एका वाक्यात रद्द केलं. “अरे, मार्लेश्वरचा धबधबा बघत तू लहानाचा मोठा झालास ना?” माहूरच्या पायऱ्या आईंनीच नाकारल्या, रेणुकेला इथूनच हात जोडले. उदगीरला १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं हे ऐकून बाबा म्हणाले, “ऐकलं ना, झालं तर मग.”

आणि मग बाबांना त्यांची जागा सापडली. आमच्या शेतात सोयाबीनची बनीम लागली होती, मळणी यंत्र आलं होतं. ते माझ्या मागं मागं आले आणि पोत्यावर बसले ते बसलेच. भुसा अंगभर, ऊन डोक्यावर, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. गडी विचारायले, “पाव्हणं कुठलं म्हनं?” दोन दिवसांत बाबांना २०२४-२५ चा हमीभाव पाठ झाला, चार हजार आठशे ब्याण्णव, आणि बाजार त्याच्या खालीच का चाललाय यावर स्वतंत्र मतही तयार झालं. सकाळी चहाआधी माझ्या दारात. “काका, लातूरला काल काय भाव निघाला?” देवरुखला फोन लावून ते तिकडच्या मंडळींनाही भाव सांगत. तिकडं सोयाबीन पिकत नाही, हा मुद्दा गौण.

निघायचा दिवस आला. साहेब गाडीची तिकिटं घेऊन खाली आले. बाबा माझ्याशी बोलत बसले होते.

“ती तिकिटं परत कर. दिवाळीपर्यंत आहोत आम्ही.”

“अहो बाबा, पण—”

“आणि तो रत्नागिरीच्या बदलीचा अर्ज दिलायस म्हणे? आई सांगत होती. कशाला? एवढा किल्ला, एवढी डाळ, इतकी चांगली माणसं. तूच दाखवलंस ना सगळं?”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी भावाचा कागद वाचत होतो.

“काका,” बाबा खुर्ची पुढं ओढत म्हणाले, “या बाजूला गुंठ्याला काय चाललंय सध्या?”