पंचवीस सहस्रांशाचा न्याय

२००८ सालच्या ऑगस्टात अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनच्या मैदानावर फँटम रेजिमेंट या बँडपथकाला ९८.१२५ गुण पडले आणि ब्लू डेव्हिल्स या पथकाला ९८.१००. फरक पंचवीस सहस्रांशाचा. एकेका पथकात दीडशेच्या घरात पोरं. त्यांनी सगळा उन्हाळा बसमध्ये झोपून आणि परक्या शाळांच्या जिम्नॅशियममध्ये पथाऱ्या टाकून काढलेला. आणि निकाल लागला तो चिमटीत न सापडणाऱ्या आकड्यावर. सोन्याचा भाव एवढा चढला, तरी आपल्या लक्ष्मी रोडवरचा सराफसुद्धा इतकं बारीक तोलत नाही. शिवाय सराफाकडे काटा असतो. इथे तोलणारी माणसं होती, आणि माल म्हणजे हवेत विरून गेलेला सूर.

मार्चिंग बँड म्हणजे लग्नातला ब्रास बँड नव्हे, हे आधी स्पष्ट करतो. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर ट्रंपेट, ट्यूबा, क्लॅरिनेट, ढोल असं सगळं वाजवत पोरं चालतात, धावतात, वर्तुळं करतात, वर्तुळं मोडतात. सोबत कलर गार्ड नावाची मंडळी झेंडे फिरवतात आणि लाकडी रायफली आकाशात भिरकावून झेलतात. शाळांचे बँड शरद ऋतूत स्पर्धा करतात, तर ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या छत्राखालची पथकं जून ते ऑगस्ट. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत हल्ली मराठी घरं बरीच आहेत. त्यामुळे स्पेलिंगच्या स्पर्धा आणि गणिताचे क्लास यांच्या जोडीला आता क्लॅरिनेटही मराठी मुलांच्या पाठीवर आला आहे. आमच्या मेव्हण्यांची कन्या वाजवते. मेव्हणे वाजवत नाहीत, ते निकालाचं पृथक्करण करतात.

एका शनिवारी मेव्हण्यांच्या शेजारी बसून अशी स्पर्धा पाहिली. पालकांच्या गॅलरीत संगीत ऐकायला कोणी आलेलं नसतं, सगळे आपापलं पोर शोधायला आलेले असतात. दोनशे मुलं एकाच रंगाच्या गणवेशात, एकाच पिसाच्या टोपीत. तरी मेव्हणीला आपली मुलगी दुसऱ्या मिनिटाला सापडली आणि उरलेला वेळ तिने बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मेव्हण्यांच्या मोबाइलवर एक्सेलचा तक्ता उघडलेला. त्यात मागच्या तीन स्पर्धांचे गुण, परीक्षकांची नावं, आणि कोणता परीक्षक 'आपल्याला' किती देतो याची सरासरी. कलर गार्डमधल्या एका मुलीची रायफल खाली पडली. "बघितलं का भाऊजी, परीक्षक नेमका तेव्हा कागदात बघत होता!" मेव्हणे आनंदाने ओरडले. रायफल आपल्याच शाळेची होती. पुढच्या बँडची एक पडली तेव्हा मात्र परीक्षकाने डोळे वटारून मैदानाकडे बघावं, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती.

मैदानातला परीक्षक हा प्राणी जवळून पाहण्यासारखा असतो. काळी पँट, कानाशी माइक, हातात पाटी. ट्रॉम्बोनच्या दोन रांगांमधून तिरका धावत तो स्वतःशीच बोलत असतो. पूर्वी हे बोलणं कॅसेटवर उतरायचं, आता डिजिटल फाइल होते आणि बँडच्या मास्तरांकडे जाते. त्या फाइलीत साधारण असं काहीतरी ऐकू येतं: "छान... छान... मागची रांग, पाय... हां, जुळले... ट्यूबा, अरे अरे... वा, काय रंग आहे... चाळीसच्या रेषेवर कोणीतरी उशिरा... छान... इथे अजून स्पष्टता येऊ शकेल." एवढं बोलून झाल्यावर माणूस थांबतो, धापा टाकतो आणि कागदावर १७.४ लिहितो. १७.३ का नाही आणि १७.५ का नाही, हे फाइलीत कुठेही सापडत नाही. "अजून स्पष्टता येऊ शकेल" हे वाक्य मात्र पहिल्या बँडपासून शेवटच्या बँडपर्यंत प्रत्येकाला मिळतं. सातत्य पाहिजे असेल तर ते हे.

एके काळी गुणांचा हिशेब सरळ होता. चूक दिसली की एक दशांश वजा. रांग वाकडी, वजा. सूर घसरला, वजा. त्याला 'टिक' म्हणत. मग पथकांच्या ध्यानात आलं की अवघड काही केलंच नाही तर वजा व्हायलाही काही उरत नाही. सोपं वाजवा, सरळ चाला, गुण राखा. आपल्याकडे सरकारी नोकरीत ही पद्धत अजून चालू आहे. ड्रम कोअरवाल्यांनी ती १९८४ च्या हंगामापासून बंद केली आणि वजाबाकीऐवजी बेरीज आणली. आता गुणपत्रिकेवर पाच पायऱ्या असतात. वाचल्यावर त्यांचा सारांश एवढाच उरतो: हे पथक चांगलं वाजवतं का? क्वचित, कधीमधी, बऱ्याचदा, बहुतेक वेळा, नेहमी. या पाच शब्दांतून तीन दशांश स्थळं काढून दाखवायची. रामानुजनलासुद्धा घाम फुटला असता.

त्यातही शंभरातले चाळीस गुण 'जनरल इफेक्ट' या सदराखाली जातात. म्हणजे सूर, पाय, ताल, सगळं बाजूला ठेवून एकंदर परिणाम काय झाला. अंगावर काटा आला का, घसा दाटला का. काटा किती उंच आला हे मोजून वीसपैकी १९.३ लिहायचं. उन्हात उभं राहून आलेला काटा धरायचा की नाही, हे नियमात नाही.

आता मुद्द्यावर येतो. पालकांची तक्रार अशी की परीक्षकांमध्ये सातत्य नाही. साफ खोटं आहे. इतकं सातत्य जगात दुसरीकडे मिळणार नाही. मागच्या शनिवारी पाचवं आलेलं पथक या शनिवारी पाचवंच येतं. पोरांनी आठवडाभर रात्री बारापर्यंत घासलं तरी पाचवं, आणि ट्रंपेटवाल्यांपैकी निम्म्यांना ताप असला तरी पाचवं. जूनमध्ये गुण सत्तरीच्या आसपास सुरू होतात आणि ऑगस्टात नव्वदी पार करतात. पोरं सुधारतात हे खरंच. पण परीक्षकाच्या घरी कॅलेंडर असतं हेही तितकंच खरं. जूनमध्ये कोणी ९७ दिले तर ऑगस्टात द्यायला काय उरेल? म्हणून सगळे शहाणे परीक्षक आधी महिना बघतात, मग पथक बघतात. २०१४ साली ब्लू डेव्हिल्स ९९.६५ पर्यंत पोचले. उरलेले पस्तीस शतांश कोणाच्या चुकीचे, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. बहुधा ते पुढच्या वर्षासाठी राखून ठेवले असावेत.

परीक्षक लबाड नसतात, हे मी मनापासून म्हणतो. आपल्याकडे निकाल लागला की पहिल्या तासात 'सेटिंग' हा शब्द ऐकू येतो. तिकडे तसं काही नसतं. बहुतेक परीक्षक स्वतः जुने वादक, जुने मास्तर. पैसे खाऊन निकाल फिरवावा एवढी या धंद्यात कमाईच नाही. सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये २००२ साली फिगर स्केटिंगचा निकाल दबावाखाली दिल्याचं प्रकरण निघालं, तेव्हा दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावं लागलं आणि सहाची जुनी गुणपद्धत मोडीत निघाली. तिथे देशांची इज्जत पणाला लागली होती. इथे पणाला काय, तर एक चषक आणि परतीच्या बसमधला आरडाओरडा. म्हणजे प्रामाणिक माणसं प्रामाणिकपणे तेच तेच आकडे लिहितात, आणि त्याला औषध नाही.

कारण कान बिचारे एकटे काम करत नाहीत. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. तिच्या जुन्या निकालांवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की पहिल्या संध्याकाळी वाजवणाऱ्याच्या नशिबी वरचा क्रमांक कमीच येतो. चिठ्ठीचा आणि प्रतिभेचा काही संबंध नसतो, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही. ड्रम कोअरच्या अंतिम फेरीत तर चिठ्ठीचाही त्रास नाही. आदल्या फेरीत सगळ्यात खाली असलेलं पथक सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात वरचं सगळ्यात शेवटी. कोण कितव्या नंबरचं, हे परीक्षकाला घड्याळातच दिसतं.

आणि डोळे? चिया-जंग त्साय या संशोधक बाईंनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पियानो स्पर्धेतले अंतिम फेरीचे वादक लोकांना दाखवले: कोणाला नुसता आवाज, कोणाला आवाजासह चित्र, कोणाला मुकी चित्रफीत. खरा विजेता सर्वांत चांगला ओळखला तो मुकी चित्रफीत पाहणाऱ्यांनी. त्यांत व्यावसायिक संगीतकारही होते. पियानोवाला तर एका जागी बसलेला असतो. जिथे दोनशे मुलं झेंडे आणि पिसं घेऊन धावतात, तिथे कानांच्या वाट्याला काय येत असेल ते तुम्हीच ताडा. तरी शाळांच्या बँड्स ऑफ अमेरिका स्पर्धेत शंभरातले साठ गुण संगीताचे असतात. कागदावर.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी गुणांऐवजी क्रमांक मोजतात. टेक्सासच्या राज्यस्पर्धेत परीक्षकांनी लावलेले क्रमांक मिळवतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो वर. कोणी हात सैल ठेवून गुण वाटतो, कोणी आखडता, तर ते दोघे सारख्या पातळीवर यावेत हा हेतू. हेतू निर्मळ. फळ बघा. समजा पाच परीक्षक आहेत आणि तीन बँड: अ, ब आणि क. तीन परीक्षकांनी अ पहिला, ब दुसरा, क तिसरा लावला. उरलेल्या दोघांनी ब पहिला, क दुसरा, अ तिसरा. अ ची बेरीज नऊ, ब ची आठ, क ची तेरा. ब जिंकला, जरी पाचांतल्या तिघांनी अ ला पहिला म्हटलं होतं.

आता क ची बस वाटेत बंद पडली असं समजा. कागद तेच, मतं तीच, फक्त क खोडा. अ ची बेरीज सात, ब ची आठ. अ जिंकला! म्हणजे सगळ्यात शेवटी आलेल्या बँडने पहिला कोण हे ठरवलं, तेही काही न करता, नुसतं हजर राहून. मेव्हण्यांना हे गणित समजावून सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "भाऊजी, म्हणजे आपल्याला हलकं पडेल असं एखादं पथक मुद्दाम बोलावून घेतलं तर?" मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

पुण्यात विसर्जन मिरवणुकीत पथकांना असे गुण देत नाहीत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी यंत्र घेऊन लक्ष्मी रोडच्या चौकाचौकांत डेसिबल मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडे येतात. त्या आकड्यांवर कोणी अपील केल्याचं ऐकलं नाही, आणि कोणी आवाज कमी केल्याचंही नाही. परीक्षकाच्या हातात खरी ताकद काय असते ते पुरुषोत्तम करंडकाने २०२२ साली दाखवलं. एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून परीक्षकांनी करंडकच दिला नाही. त्यावर महिनाभर वाद झाला. पण त्यात दशांश नव्हते. "नाही आवडलं" असं तोंडावर सांगितलं होतं आणि ते कळायला एक्सेल लागलं नाही. ब्लूमिंग्टनच्या परीक्षकांनी "दोन्ही आवडले, हे थोडं जास्त" असं म्हटलं असतं तरी जगाला पुरेशी माहिती मिळाली असती.

तेव्हा आयोजकांना एक विनंती. रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन वेळा चाखायला दिली. प्रत्येक वेळी साधारण तेच गुण देणारा परीक्षक दहात एखादाच निघाला. बँडच्या परीक्षकांनाही हा मान द्या. एकाच बँडला एकाच दिवशी दोनदा उतरवा, दुसऱ्या वेळी निराळा गणवेश घालून आणि निराळ्या शाळेचा फलक घेऊन. मुलांना परत पळायला लावणं जिवावर येत असेल तर चित्रफीत दाखवा, महिन्याच्या अंतराने, दोनदा. परीक्षकाचे दोन्ही कागद शेजारीशेजारी छापा. त्या दोन आकड्यांत जेवढी तफावत निघेल, तिच्यापेक्षा कमी फरकाने कोणालाही दुसरं म्हणू नका, सरळ संयुक्त विजेतेपद द्या. जास्तीचा खर्च एका चषकाचा. ड्रम कोअरवाल्यांनी १९९६, १९९९ आणि २००० साली दोन दोन विजेते जाहीर केलेच होते.