लाल फुलीचा कारभार

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामकाजाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा ठरली. त्याचा एक परिणाम मात्र कोणी लेखी कळवला नाही. पावणेदहाला अख्खी शाखा एकदमच पासवर्ड टाकते. पडद्यावर ‘वेलकम’ उमटतं, गोल फिरू लागतो आणि आस्थापना, लेखा, आवक-जावक अशी सगळी टेबलं चहाला निघतात.

गोल का फिरतो, याचं प्रत्येक टेबलाचं वेगळं शास्त्र आहे. लेखा शाखेच्या मते व्हायरस आलाय. आस्थापनेच्या मते पावसाने केबल भिजली. सर्वांत ज्येष्ठ लिपिक कसेबसे आत शिरले की डेस्कटॉपवर उजवं बटण दाबून दहा वेळा ‘रिफ्रेश’ करतात. त्याने पडद्यावरची चिन्हं नव्याने रंगवली जातात, बाकी काही होत नाही. पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि कचेरीत तेही थोडकं नाही.

मग एएमसीवाल्याला, म्हणजे वार्षिक देखभालीच्या ठेकेदाराच्या माणसाला, फोन जातो. त्याच्याकडे एकच रामबाण असतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन तो डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, रकान्यात गूगलचा 8.8.8.8 भरतो. “आता बघा, नेट कसं पळतंय!” नेट पळतंही. पंचाईत अशी की सकाळी उठल्यावर संगणकाला नेट नको असतं, त्याला हवा असतो डोमेन कंट्रोलर, म्हणजे पासवर्ड तपासणारा कचेरीतलाच सर्व्हर. त्याचा पत्ता कचेरीच्या आतल्या डीएनएसलाच ठाऊक. आता संगणक तो पत्ता थेट गूगलला विचारतो. गूगलला जगातलं सगळं माहीत असेल, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटामागचा सर्व्हर त्याला कुठून माहीत असणार? उत्तर येतं, ‘असं कोणी नाही’. मग संगणक स्थानिक नेटवर्कवर हाका मारत सुटतो, प्रत्येक हाकेनंतर थोडा थांबतो आणि शेवटी कंटाळून जुन्या आठवणीतल्या पासवर्डवर आत सोडतो. लॉगिन झालं म्हणून सगळे खूश. सर्व्हरवरचा सामायिक एस ड्राइव्ह आला नाही, तर तो वेगळा बिघाड समजून वेगळी तक्रार नोंदवायची. एएमसीलाही दोन कॉल दाखवता येतात.

घड्याळाच्या बाबतीत हा पासवर्ड तपासणारा सर्व्हर भलताच कडक. केर्बेरॉस नावाची त्याची तपासणीची पद्धत मूळ सेटिंगनुसार फक्त 5 मिनिटांचा फरक चालवून घेते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आणि तारीख काही वर्षं मागे गेली, की पासवर्ड बरोबर असूनही दार बंद. मस्टरवर एवढी शिस्त असती तर आंदोलन झालं असतं.

साहेबांची गोष्ट निराळी. त्यांचं ‘रोमिंग प्रोफाइल’ असतं, म्हणजे ते ज्या संगणकावर बसतील तिथे त्यांचा डेस्कटॉप सर्व्हरवरून उतरतो. साहेब सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात : पाहणी दौऱ्याचे व्हिडिओ, निरोप समारंभाचे फोटो, 2014 चे अंदाजपत्रक. सभागृहातल्या संगणकावर त्यांनी पहिल्यांदा पासवर्ड टाकला, की हा सगळा संसार केबलमधून तिथे यायला निघतो. आढावा बैठक ताटकळते आणि खापर फुटतं प्रोजेक्टरवर.

रोज संगणक बंद करूनही तो म्हाताऱ्यासारखा का वागतो, हाही एक जुना प्रश्न. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोजचा गाभा बंद होत नाही, डिस्कवर जसाच्या तसा झोपवून ठेवला जातो. पूर्ण नव्याने उठायचं असेल तर ‘रीस्टार्ट’च हवं. रोज निष्ठेने शट डाउन करणाऱ्याची मशीन महिनाभर चालूच असते आणि कधीमधी रीस्टार्ट करणारा आळशी मजेत असतो.

लाल फुलीचं प्रकरण त्याहून गमतीचं. पंधरा मिनिटं कोणी फिरकलं नाही, तर सर्व्हर जोडणी सोडून देतो आणि ड्राइव्हवर लाल फुली येते. बऱ्याचदा तिच्यावर दोनदा टिचकी मारली की ड्राइव्ह निमूट उघडतो. तरीही फुलीचा फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत वाट पाहायची, अशी प्रथा आहे. फायलींची नावं मराठीत दिली तर आणखी एक मजा. विंडोजमधल्या अनेक प्रोग्रॅमांना फोल्डरांसकट साधारण 260 चिन्हांपलीकडचा पत्ता झेपत नाही, आणि ‘प्रलंबित’ हा चार अक्षरी शब्द त्यांच्या हिशेबी आठ चिन्हांचा भरतो.

कधी कधी मात्र ड्राइव्ह खरोखरच गायब होतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक ओलीस धरले, ते एसएमबी-1 या नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या जुनाट पद्धतीतल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, ते अनेकांनी लावलंच नव्हतं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात विंडोज 10 च्या नव्या आवृत्तीतून एसएमबी-1 आपोआप बसवणं बंद झालं. फक्त एसएमबी-1 समजणारी कोपऱ्यातली जुनी स्टोरेजची पेटी दिसेनाशी झाली. त्यावर ठिकठिकाणच्या एएमसीवाल्यांनी शोधलेला उपाय : एसएमबी-1 परत चालू करणे. ड्राइव्ह दिसला, बिल निघालं.

खोळंब्याचंच म्हणाल, तर महाराष्ट्रात दप्तरदिरंगाईविरुद्ध कायदा आहे. सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. सर्व्हर कर्मचारी नसल्यामुळे सुटतो.

शेवटी तोडगा निघतो नव्या संगणकांचा. एसएसडीवाली चकचकीत यंत्रं येतात, डोमेनला जोडली जातात आणि त्याच दिवशी गोल फिरू लागतो. कारण लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ आहे, जी केव्हाच निर्लेखित होऊन भंगारात गेलेल्या सर्व्हरचा ड्राइव्ह रोज सकाळी जोडू पाहते आणि उत्तराची वाट पाहत बसते. ती ओळ पुसायला मिनिटही लागणार नाही. पण ती कोणी लिहिली, हे आज कोणालाच माहीत नाही, त्यामुळे वरिष्ठांची मान्यता लागेल. तशी टिपणी तयारही आहे. ती एस ड्राइव्हवर आहे.